आप्पांचं कन्नड

निपाणीच्या रस्त्यानं जाताना तंबाखूचा उग्र वास नाकात शिरला की मला आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कन्नड आठवतं. आमच्या जुन्या काळ्या गाडीची बॅटरी कायम उतरलेली असायची आणि बेळगावात आप्पांच्या कचेरीतले कन्नड शिपाई ती रोज संध्याकाळी ढकलायचे, इंजिन धरलं की आप्पा ओरडायचे, “बिडी! बिडी!” म्हणजे कन्नडमध्ये सोडा, सोडा. काकासाठी मुलगी बघायला निपाणीजवळच्या एका खेड्यात गेलो, तेव्हा आप्पांनी बैठकीत छाती फुगवून सांगितलं, “आमच्या घरात सुपारीचं खांडबी चालत न्हाय.” निघताना सेल्फ नुसता खोकला. मुलीचे वडील धोतर खोचून भावकीसह ढकलायला लागले, गाडी धडधडली, आणि सवयीनं आप्पांनी खिडकीतनं डोकं काढून आरोळी ठोकली, “बिडी! बिडी!” गाडी कुणी सोडलीच नाही, उलट मुलीचे वडील धापा टाकत खिडकीशी आले आणि आप्पांच्या मांडीवर बिड्यांचं बंडल टाकून म्हणाले, “आधी बोलायचं न्हाय व्हय पाव्हणं, कवापास्नं कळ काढलीसा!” थांबून खुलासा करावा तर इंजिन बंद पडणार, म्हणून आप्पा ते बंडल मांडीवर घेऊन तसेच बेळगावपर्यंत आले. लग्न ठरलं. खुलासा मात्र आप्पांनी जन्मभर केला आणि तो कुणालाच पटला नाही. परवा त्यांच्या म्हाळाला काकूनं नैवेद्याच्या पानाशेजारी बिड्यांचं बंडल ठेवलं आणि डोळे पुसत म्हणाली, “लई आवडायची त्यास्नी, पण आमच्यासमोर कधी ओढली न्हाय.”