बर्फवाल्या मॅडमचं विरजण

बारामतीच्या भर उन्हाळ्यात खांद्यावर लोकरीची शाल घेऊन फिरणारं माणूस एकच होतं, आमच्या बर्फवाल्या मॅडम. त्यांचा अर्धा दिवस कॉलेजच्या शीतखोलीत जायचा. उत्तर ध्रुवाच्या समुद्रातलं, बर्फाच्या कडेचं पाणी त्यांनी एकदा बोटीवर जाऊन स्वतः आणलं होतं. त्यातले जिवाणू त्या तिथं वाढवायच्या. समुद्र तापत चाललाय, त्यात हे जीव तगतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"हितं उसाला पाणी पुरंना, अन् तुमाला ध्रुवाची काळजी," असं कुणी चिडवलं की म्हणायच्या, "अहो, पाऊस काय आपल्या तालुक्यातच शिजतो का?"

त्यांच्या एका हट्टानं मात्र आम्हा विद्यार्थ्यांना वात आणला होता. "विरजण एकाच घरी ठेवू नये," म्हणत त्या जिवाणूंच्या जादा नळ्या डबाबंद करून काटेवाडीच्या डेअरीतल्या फ्रिजात ठेवायच्या. दर महिन्याला ताज्या नळ्या पोचवायचं काम माझ्याच गळ्यात. एसटीत मांडीवर थंडगार डबा बघून बायका विचारायच्या, "कुल्फी हाय का गं?" मी मनातल्या मनात मॅडमना लाखोली वाहायचे.

मग एका मे महिन्यात, सुट्टीत, शीतखोलीचं यंत्र बंद पडलं. दार उघडलं तर आत नुसती भट्टी. एकही नळी जगली नाही. पुन्हा आणायचं म्हटलं, तर जिथलं पाणी होतं तिथं आता बर्फच धरत नव्हता. मला रडू कोसळलं.

"रडतेस काय? काटेवाडीला चल," मॅडम म्हणाल्या. पण शाल तिथंच विसरून गाडीत बसल्या.

डेअरीतल्या तात्यांनी फ्रिज उघडून डबा दाखवला. "हितंच हाय तुमचं विरजण. लाईट गेली की आमी आधी जनरेटर लावतो, मग च्या पितो."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या आणि तात्यांकडे चहा मागितला. त्या डब्यातून दोन-तीन महिन्यांत सगळं परत उभं राहिलं.

पुढं त्यांना कोकण किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. जाताना शाल आणि नळ्या घेऊन गेल्या, थोड्या नळ्या माझ्याकडे ठेवल्या. मी आता इंदापूरला शिकवते. काटेवाडीला डबा पोचवताना माझ्या विद्यार्थिनी कुरकुरतात, तेव्हा मला फार बरं वाटतं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी मॅडमचा फोन आला. तिकडे वादळानं वीज गेली होती, सगळ्या नळ्या गेल्या होत्या. आवाज जरा ओशाळलेला.

"विरजण शिल्लक आहे का गं?"

मी म्हटलं, "आहे, मॅडम. वाटी घेऊन या."