बेबी गाडीचे चोवीस मैल

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले. माहेरी वडील मास्तर, सासरी नवरा डॉक्टर. अंगात येणं म्हणजे एकतर ताप नाहीतर ढोंग, असंच ऐकत मोठी झाले. आज ऐंशी ओलांडली तरी देवापुढे दिवा लावते तो सवयीनं. तरीही वाचकांच्या अनुभवांच्या या सदराला लिहायला बसले आहे, कारण एक गोष्ट आजवर कुणालाच नीट सांगितलेली नाही... आणि आता सांगायला फार दिवस उरलेले नाहीत.

साल अठ्ठेचाळीस, वैशाख महिना. गाव शिरड शहापूर. वसमतहून औंढा नागनाथला जाताना रस्त्यावरच लागतं ते. तिथं आमच्या ह्यांचा दवाखाना होता. आसपासच्या खेड्यांत दुसरा डॉक्टर नाही, आणि घोड्यावर बसलं की ह्यांची पाठ धरायची. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला परभणीच्या एका इंजिनिअर साहेबाची जुनी बेबी गाडी ह्यांनी घेतली. एवढीशी गाडी! दोघं पुढे, मागे एखादा अंग चोरून बसलेला पेशंट. साहेबानं दहा वर्षं वापरलेली, हूडला ठिगळं, दाराला सुतळी.

पण पेट्रोल म्हणाल तर थेंब थेंब पुरवायची. लढाईत पेट्रोल कुपनावर मिळायचं. मोठ्या गाडीवाल्यांनी गाड्या झाकून ठेवल्या, आमची मात्र रोज फिरायची. गॅलनला चाळीस-पंचेचाळीस मैल सहज. वसमतचे गफूरभाई मिस्त्री महिन्यातून एकदा येऊन तिला तपासायचे. बोनेटवर थाप मारून म्हणायचे, "बाई, ये मोटर नै, बकरी है. थोडा खाती, बराबर दूध देती."

गाडीचं रोजचं करणं माझ्याकडे होतं. ह्यांना पेशंटमधून सवड कुठली? प्लग काढून पॉलिशपेपरनं घासायचे, पेट्रोल मलमलीतून गाळून टाकीत ओतायचं, जुन्या चपलेच्या कातड्याचे वॉशर कापायचे. सुटे भाग मिळतच नव्हते. गफूरभाईंनीच मला चालवायलाही शिकवली. पहिल्यांदा मी गाडी घेऊन निघाले तेव्हा अर्धं गाव पारावर उभं होतं. कुणी हसलं, कुणी पदर तोंडाला लावला. पुढे बाळंतपणाला अडलेल्या बाईला मीच आणायला जायची, तेव्हा हसणारेच वाट करून द्यायला लागले.

त्या उन्हाळ्यात मुलखाची घडीच विस्कटली होती. हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या. आज या गावात लूट, उद्या त्या गावात गंजी पेटवलेल्या. कोण कुणाचं, कळेनासं झालं होतं. लोक दिवसाउजेडी दारं लावून बसायचे.

त्या दिवशी सकाळचे दहा वाजले असतील. दवाखान्यात सात-आठ पेशंट होते. मी आत पट्ट्या उकळत होते. एवढ्यात मारोती धनगर धापा टाकत अंगणात आला. त्याची मेंढरं गावाबाहेर चरत असायची.

"बाई, पळा! येऊन राहिले ते! लई हायेत. बंदुका बी हायेत!"

पेशंट उठून पळाले. हे म्हणाले, "मी डॉक्टर आहे. मला काय करतील?" आमचे कंपाउंडर नारायणराव पन्नाशीचे, सरळ माणूस. तेही हातातली मिक्स्चरची बाटली घेऊन तसेच उभे राहिले.

पंधरा-वीस जण आत घुसले. त्यांच्या म्होरक्यानं पहिला शब्द काढला तो गाडीचा. "मोटर किधर है?"

"मागं आहे. बिघडलीय," हे म्हणाले.

"झूट!"

ह्यांना ओढत त्यांनी मागच्या छपरात नेलं. मी खिडकीच्या गजातून बघत होते. एकानं गाडी सुरू करायचं पुढचं हँडल फिरवलं. दुसऱ्यानं फिरवलं. घाम गळेपर्यंत फिरवलं, गाडी हूं की चूं करेना. मला वाटलं, यांना हातोटी माहीत नाही. आधी चोक ओढून दोन फेरे सावकाश द्यावे लागायचे. आणि मनात म्हटलं, न होवो चालू, घेऊन तरी जाणार नाहीत.

पण त्याचाच त्यांना राग आला. म्होरका म्हणाला, यानंच काहीतरी केलंय. आणि शेजारच्या माणसाच्या हातातली कुऱ्हाड घेऊन त्यानं ह्यांच्या उजव्या खांद्यावर घातली.

मी तो आवाज लिहू शकत नाही. ओलं लाकूड फोडतात, तसा... नको.

नारायणराव ओरडत धावले. त्यांच्या हातात ती बाटलीच होती. बंदुकीचा बार झाला आणि ते चाकाशेजारी बसल्यासारखे खाली गेले. छातीवरून औषध आणि रक्त एकच होऊन वाहत होतं. मी त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा डोळे उघडे होते, माणूस नव्हता.

टोळी वाण्याच्या दुकानाकडे वळली. किंकाळ्या ऐकू येत होत्या, धूर दिसायला लागला होता. मारोती गोठ्याआड लपला होता, तो आला. दोघांनी ह्यांना उचलून मागच्या सीटवर कसंबसं कोंबलं. खांद्यात मी लुगड्याचा पदर फाडून दाबला. हात नुसता कातड्यानं लोंबत होता.

"बाई, गाडी चालू व्हईना की त्यायच्यानं," मारोती म्हणाला.

"बस तू आत. खांदा दाबून धर."

मी हँडल फिरवलं. अर्धाच फेरा. चोकसुद्धा ओढला नव्हता. गाडी सुरू झाली.

गावाबाहेर ओढ्याच्या उताराला दोघं पहाऱ्याला उभे होते. एक बाजूला सरला. दुसरा रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून, एका हातात बंदूक. विशी-बाविशीचा असेल. त्याच्या तोंडावर हसू होतं, बाईमाणूस गाडी चालवतंय म्हणून. मी थांबेन अशी त्याला खात्री होती.

मी थांबले नाही.

तो बोनेटवर आदळला, मग खाली गेला. पुढचं चाक वर उचललं गेलं, मग मागचं. मागून एकच बार ऐकू आला. मारोती म्हणत होता, "बाई, थांबू नका. मागं बघू नका, बाई."

शिरड ते औंढा, औंढा ते हिंगोली — चोवीस मैल. औंढ्याच्या चढाला आमची गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्ये कण्हायची. त्या दिवशी मी गिअर बदलल्याचं मला आठवत नाही. औंढ्यात विहिरीपाशी थांबले, कारण वैशाखात सात-आठ मैलांवर पाणी उकळायचंच. मारोतीनं पोहरा आणला. रेडिएटरचं झाकण मी घाईत उघड्या हातानंच धरलं आणि मग दचकले. हात भाजला नव्हता. झाकण गार होतं. बोनेटही गार, रांजणासारखं. पाणी काठोकाठ भरलेलं. तिथल्या दुकानदारांनी आम्हाला पाहिलं, ह्यांच्या तोंडात पाणी घातलं. विचार करायला वेळ नव्हता, निघाले.

हिंगोलीच्या दवाखान्यात ह्यांचा हात काढला. जीव वाचला.

चौथ्या दिवशी गफूरभाई आले. वसमतहून मिळेल त्या बैलगाडीनं, पायी, लपतछपत. ह्यांच्या खाटेशी बसून लहान मुलासारखे रडले. मग काखेतलं फडकं सोडून त्यांनी एक वस्तू खाटेवर ठेवली.

गाडीचा कार्बुरेटर.

"डॉक्टरसाब, आपने कहा था, निकालके ले जाओ. ले गया मैं. मेरी वजह से आपका हाथ..."

मला काही कळेना. ह्यांनी डोळे मिटूनच सांगितलं. हल्ल्याच्या आदल्या दिवशी मी पाणवठ्यावर गेले असताना गफूरभाई आले होते. कार्बुरेटरशिवाय इंजिनाला पेट्रोलच मिळत नाही; टोळीच्या हाती चालती गाडी लागू नये म्हणून ह्यांनी त्यांना कार्बुरेटर काढून वसमतला न्यायला सांगितलं. मला मुद्दाम कळवलं नाही. मारहाण करून विचारलं, तर जे ठाऊकच नाही ते मी काय सांगणार?

"मग तू आम्हाला आणलंस कशातून?" ह्यांनी विचारलं.

"गाडीतून."

गफूरभाई उठून उभे राहिले. आम्ही दोघं आवारात गेलो. गाडी मी लावली तिथंच होती. पुढच्या मडगार्डवर सुकलेलं रक्त, त्याला चिकटलेले केस. गफूरभाईंनी बोनेट उघडलं. कार्बुरेटरची जागा रिकामी. इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी तिथल्या नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून वर सुतळी बांधली होती, ती तशीच. गाठ त्यांचीच. बोळा कोरडा आणि स्वच्छ. पेट्रोलचा नळ बंद.

त्यांनी बोनेट हळूच खाली केलं. "बाई," ते म्हणाले, "ये बात मेरेसे मत पूछना." पुढे वीस वर्षं जगले, आमची गाडीही दुरुस्त करत राहिले, पण त्या बोळ्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. तो मीच काढला.

हे शेवटपर्यंत म्हणायचे की कुणीतरी मागाहून कार्बुरेटर चोरला असेल आणि गफूरला भ्रम झाला असेल. मग खाटेवर होता तो कुणाचा? मी मनाला म्हटलं, उतारानं गेलो असू. पण औंढ्याचा चढ? कुणी ढकललं? चोवीस मैल?

मारोतीलाही मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "मला गाडीतलं काय कळतंय, बाई? पयल्यांदाच बसलो. पण आवाज कुठं होता तिला? तुमी रडून राहिल्या होत्या, तेवढंच ऐकू येत व्हतं."

मी रडत होते हे मला आठवत नाही. इंजिनाचा आवाजही आठवत नाही. खूप प्रयत्न केला.

लोक म्हणतात, देवानं गाडी हाकली. नातेवाईकांत तसंच सांगितलं जातं, पण मी तसं म्हणत नाही. कारण देवानं हाकली म्हटलं, तर ओढ्यावरच्या त्या पोराचंही त्याच्याच माथी जातं. ते सोयीचं आहे, पण खरं नाही. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. त्याच्या डावीकडे बांध होता, उजवीकडे मोकळं रान, गाडी सहज गेली असती. स्टीअरिंग माझ्या हातात होतं, आणि मी ते सरळ धरून ठेवलं.

तेवढं मला पक्कं ठाऊक आहे. गाडी कशी चालली, ते नाही.