वास्तुशांतीच्या दिवशीचा प्रॉब्लेम

मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी आम्हाला नव्हतंच. तरी इंग्रजी शब्द घरात शिरतात, आणि नव्वद सालाच्या आसपास आमच्या घरात सगळ्यात जास्त वावरला तो 'प्रॉब्लेम'.

मुलाची स्कूटर सकाळी चालू झाली नाही की स्टार्टिंगचा प्रॉब्लेम. टीव्हीवर मुंग्या आल्या की अँटेनाचा. साहेब नीट बोलला नाही तर त्या साहेबालाच काहीतरी प्रॉब्लेम. दोन माणसं रस्त्यात एकमेकांसमोर उभी राहून "तुझा प्रॉब्लेम काय आहे?" असं विचारायला लागली की समजायचं, आता हात उचलणार. आणि रिक्षावाल्याला आमच्या गावी, विचुंब्याला येतोस का विचारलं तर तो म्हणायचा, "नो प्रॉब्लेम." म्हणजे येतो. आमच्या शेजारी एकीच्या लग्नाला पाच वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, तर बाईत प्रॉब्लेम. नवऱ्याला कोणी तपासलं नव्हतं, पण प्रॉब्लेम बाईतच.

बंद पडलं तर बंद पडलं म्हणावं, मूल नाही तर मूल नाही म्हणावं. एकच शब्द सगळीकडे फासला की नेमकं काय झालंय ते कळत नाही. हे मी तेव्हाही म्हणायचे.

सून ठाण्याची, नोकरी करणारी. तिने आणि मुलाने मिळून नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. आम्ही विचुंब्याहून तिथे राहायला जाणार होतो. वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी पाहुणे जमत होते, आणि सून मोरीच्या दारात येऊन मला हळूच म्हणाली, "आई, प्रॉब्लेम झालाय."

मी आधी शेगडी बघितली. पेटत होती. दूध नासलं की काय म्हणून पातेल्यावरचं झाकण काढलं. दूध चांगलं होतं. मग मी मुलाला हाक मारली, "अरे, तुझ्या बायकोचा काय प्रॉब्लेम हाय बघ!"

तिने माझं मनगट धरलं. "आई, तसला नाही हो. माझा. महिन्याचा."

"मंग पाळी आली म्हन की."

"हळू बोला ना! गोळ्या घेतल्या होत्या, तरी आली."

गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलतात हे मला तेव्हा कळलं. तिचा बेत असा होता की कोणाला सांगायचं नाही, गुपचूप पाटावर बसायचं, आणि मी गप्प राहायचं. पण माझी नणंद तिथेच खोबरं किसत होती. तिचे कान त्या किसणीपेक्षा धारदार.

"वयनी," ती म्हणाली, "आता धाकट्या पोराला नि त्याच्या बायकोला बसवा. हिला शेजारच्या बिराडात बसू द्या. जेवान तिकडंच देऊ."

मी सुनेकडे बघितलं. घर तिचं, भिंतींचा रंग तिने निवडलेला, पगार तिचा त्यात जाणार. आणि त्या घराच्या शांतीला ती दुसऱ्याच्या दारात ताट घेऊन बसणार, आणि पाटावर तिची धाकटी जाऊ मिरवणार.

या गोष्टीला आमच्या गावात शब्द कमी नव्हते. कावळा शिवला, बाजूला बसली, अडचण आहे, शिवायची नाही. शब्द कुठलाही असो, मी पडवीत गोणपाटावरच बसले. घरचे हातावर वरून भाकर टाकायचे. पण लावणीच्या दिवसांत कावळा शिवलेली बाई चिखलात चालायची. मिठागरात चालायची. तिथे चार दिवस सुटी कोणी दिली नाही.

तेच मी नणंदेला विचारलं. "बाय, तू नि मी मिठाच्या पाट्या वाहिल्या. कावळा शिवला म्हनून कधी घरी बसलो? ते मीठ गावानं खाल्लं ना? देवाच्या नैवेद्यात पन घातलं."

"ते काम होतं. हा देव हाय."

"मंग देवाला माझ्याशी बोलू दे. तू कशाला मधी पडतेस?"

तेवढ्यात भटजी आले. तरुण होते, घाईत होते, दुपारी खांदा कॉलनीत त्यांची दुसरी वास्तुशांत होती. मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, "भटजी, सुनेची पाळी आलीय. तरी तीच बसनार हाय. चालत नसंल तर आत्ताच सांगा."

मुलाच्या ऑफिसातले दोघे उठून गॅलरीत गेले आणि रस्ता बघत उभे राहिले.

"मावशी," भटजी म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं."

"म्हनून तर सांगितलं."

"शास्त्रात बसत नाही हे."

"शास्त्रात नका बसवू. पाटावर बसवा."

भटजींना हसू आलं ते त्यांनी दाबलं. घड्याळात बघितलं. "पाटावर कोण बसतं ते घरच्यांनी ठरवा. मी मांडामांड करतो," म्हणाले आणि तांदूळ मागितले.

मुलगा खाली बघत होता. त्याचा उपयोग नव्हता. सगळे सुनेकडे बघायला लागले. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि राग भटजींवर नव्हता, नणंदेवरही नव्हता, माझ्यावर होता.

"मी बसते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पण आई, माझं जे काय असेल ते यापुढे मी सांगेन. तुम्ही नाही."

"सांग. पन चोरी केल्यासारखं नको."

ती पाटावर बसली. मुलाच्या उपरण्याची आणि तिच्या पदराची गाठ मारायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या नणंदेचा. भटजींनी बोलावलं तरी ती हलली नाही. पदराखाली हात घेऊन बसली. धाकटी सून पुढे यायला धजेना.

मी उठले आणि गाठ मारली. मी विधवा बाई. माझं कपाळ मोकळं. असल्या कामात माझा हात तर पाळीच्या बाईपेक्षाही नको असतो. मागून कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. मी गाठ घट्ट ओढून बघितली आणि भटजींना म्हटलं, "चला, म्हना मंत्र."

नणंदेने पिशवी उचलली. "या घरात मी पानी पिनार नाय," म्हणाली आणि जिना उतरली. होम झाला, पंगत बसली, राहिलेले सगळे पोटभर जेवले. नणंद पुढे बरीच वर्षं आली नाही. मी बोलवायला गेले नाही.