न वाढलेलं पान

नातीने ग्रंथालयातून आणलेली एक जुनी कादंबरी टेबलावर पडली होती. सहज उघडली आणि जुन्या कागदाचा, खळीचा, खाऱ्या दमट हवेचा तो कुबट वास आला. साठीच्या दशकातलं मद्रास आणि तिरुवल्लिकेणीच्या गल्लीतलं आमचं घर त्या वासासरशी समोर उभं राहिलं.

तेव्हा मी असल्या कादंबऱ्यांचा फडशा पाडत असे. नवी नवरी, अवाढव्य घर, कुलूपबंद खोली आणि नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं कुणी न सांगितलेलं काहीतरी! दुपारी सासूबाई लवंडल्या की मी खिडकीशी बसून हौसेने घाबरून घेई. आमच्या मोजून दोन खोल्या, कुलूप एकच, तेही बाहेरच्या दाराला. त्यामुळे ती भीती परवडत होती. पहिली बायको मात्र माझ्याही नवऱ्याला होती. ती वारली, असं साताऱ्याला माझ्या वडिलांना सांगितलं होतं, आणि बिजवर असला तरी रेल्वेतली नोकरी पाहून त्यांनी होकार दिला होता. घरात तिचा फोटो नव्हता, नाव निघत नसे. फक्त दारावर थाप पडली की सासूबाई आधी माझ्याकडे बघत आणि मग दाराकडे.

पितृपक्ष आला. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात, हे माहेरी दरवर्षी पाहिलेलं. सवतीचं आपण मनापासून करावं, सासूबाईंनाही बरं वाटेल, अशा शहाणपणाने मी आदल्या दिवशीच शेजारच्या काकूंना आमंत्रण देऊन आले. ओटीला खणही आणला. सांगितलं तेव्हा सासूबाई वांगी चिरत होत्या. त्यांचा विळीवरचा हात थांबला.

"नको गे, वेंडाम. येऊ नका म्हणून सांग जा त्यांना," त्या तंजावरी हेलात म्हणाल्या.

"पण आई, त्या सवाष्ण गेल्या ना?"

चिरलेल्या फोडी त्यांनी पाण्यात ढकलल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "जित्या माणसाचं पान वाढतात काय गे?"

बाहेर टळटळीत ऊन होतं आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. माझ्या वडिलांशी खोटं बोलायला ही बाई कचरली नव्हती. पितरांपुढे खोटं पान मांडायला मात्र तिचा हात धजला नाही.

संध्याकाळी यांना विचारलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती एका सकाळी कोपऱ्यावर फुलं आणायला गेली, ती परतलीच नाही. शोधलं, मग लाजेपोटी शोधणं सोडलं, आणि शेवटी तिला वारली करून टाकलं.

"मग मी तुमची कोण?" मी विचारलं.

"जेवून घे," हे म्हणाले.

मी राहिले. माझ्यामागे धाकट्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. आणि खोटं कशाला बोलू, माणूस मला आवडत होता. पण पुढे देवळाच्या तळ्याकाठी, बसमध्ये, समुद्रावर कुणी बाई माझ्याकडे जरा टक लावून बघू लागली, की ती हीच असं वाटून मी तोंड फिरवून घेई. दरवर्षी नवमीला सासूबाई काय शिजवतात ते मी चोरून बघे. आपण एका बाईच्या मरणाची वाट बघतो आहोत, हे मला फार उशिरा उमगलं. त्याची आजही लाज वाटते.

ते पान काही वाढलं गेलं नाही. सासूबाई गेल्या, काही वर्षांनी हेही गेले. बायका जमल्या, त्यांनी माझं कपाळ पुसलं, आणि रडता रडता मला एकदम तिचीच आठवण झाली. याच शहरात, कदाचित चार गल्ल्या सोडून, त्या सकाळीही तिने आरशात बघून ठसठशीत कुंकू लावलं असेल. तिला सांगायला कुणीच गेलं नव्हतं.