आधी मेण, मग कुंकू

नवी गाडी घेऊन ती फिरवणारे लोक जगात पुष्कळ आहेत; पण नवी गाडी घेऊन दिवाळीपासून शिमग्याच्या तोंडापर्यंत ती नुसती पुसत बसणारा माणूस अख्ख्या कोकणात एकच होऊन गेला आणि तो आमच्या नात्यातला होता. माझ्या मावसबहिणीचे, ताईचे, ते यजमान. मी त्यांना भावोजी म्हणायचो. मालवणात त्यांचा काजूचा व्यापार होता, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याच हाकेच्या अंतरामुळे पुढचं सगळं रामायण घडलं. मी तिथल्याच शाळेत मास्तर, त्यामुळे संध्याकाळचा चहा ताईकडे ठरलेला.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. भावोजींची गाडी कारखान्यातून रेल्वेच्या वाघिणीवरून कोल्हापूरला आली आणि तिथून घाट उतरून मालवणात. सायीच्या रंगाची, देखणी. अर्धं गाव बघायला जमलं. ताई आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी. नव्या गाडीला हळदकुंकू लावायचं, चाकापुढे नारळ फोडायचा, ही साधी रीत. तिने कुंकवात बोट बुडवलं मात्र, भावोजी गाडीच्या आडवे झाले. "हात लावू नको गो! कुंकू रंगात मुरतला. आधी मेण, मग कुंकू."

त्यांचं म्हणणं असं, की खाऱ्या वाऱ्यात उघडा रंग टिकत नाही, त्यावर मेणाचा थर हवा. मेणाचा डबा त्यांनी मुंबईहून मागवून देवघराच्या फळीवर ठेवला होता. पण मेण लावायचं ते निर्मळ रंगावर. खाली कण राहिला तर तो जन्मभर मेणाखालीच राहणार. आणि ही गाडी तर इंजिनाचा कोळसा, रुळांचा लोखंडी कीस, घाटातलं डांबर आणि आमची तांबडी माती असं सगळं अंगावर घेऊन आलेली. म्हणजे मेणाआधी सफाई. ह्यावर ताई म्हणाली, "बरा तर. पण पूजा झाल्याशिवाय मी गाडयेत पाय ठेवचंय नाय." झालं! मेणाशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय ताई नाही, आणि ताईशिवाय गाडी काढायची तरी कशाला? गाडी परसातल्या मांगरात, म्हणजे अवजारं-लाकडं ठेवायच्या खोपीत, जाऊन बसली ती बसलीच.

भावोजींची सफाई बघण्यासारखी असे. परसातल्या विहिरीचं पाणी मचूळ, सुकल्यावर पांढरे डाग ठेवणारं. म्हणून डोंगराकडच्या विहिरीवरून गाडीसाठी हंडे यायचे. घरात आम्ही मचूळ पाण्याचा चहा पीत होतो आणि गाडी गोड्या पाण्याने न्हात होती. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्याने, मग रॉकेलचा वास घालवायला रिठ्याचा फेस, मग रिठा घालवायला पुन्हा पाणी. हे सगळं झालं की परीक्षा. जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडा बोटांवर गुंडाळायचा, डोळे मिटायचे आणि हात पत्र्यावरून हळूहळू फिरवायचा. मलमलीतून बारीकसा कणही हाताला कळतो, असं ते म्हणत. मी एकदा हात फिरवून पाहिला, मला काहीच कळलं नाही. "मास्तर, तुमची बोटां खडूनी मेली," असा निकाल त्यांनी दिला.

लोखंडाचा कीस मात्र काही केल्या निघेना. खाऱ्या हवेत त्याचे तपकिरी ठिपके उठू लागले, आणि भावोजी घरात वाघ शिरल्यासारखे अस्वस्थ झाले. नखाने काढावं तर ओरखडा. मग कणकेचा मऊ गोळा पाण्यावर फिरवला तर कण त्याला चिकटून येतील, हे त्यांच्या डोक्यात आलं. आमच्याकडे कणीक कुठली, सगळा तांदूळ! पण त्या दिवशी संकष्टी होती आणि ताईने मोदकांची उकड काढून ठेवली होती. ती देवघरात गेली आणि भावोजी परातीसकट मांगरात. दुपारभर त्यांनी उकडीचा गोळा बॉनेटवरून फिरवला. कणही निघाले, खोटं कशाला बोलू! गोळ्यावरचा काळा-तपकिरी कीस दाखवत ते अंगणात नाचायचेच बाकी होते. तेवढ्यात ताई परात शोधत आली. कमरेवर हात ठेवून तिने सगळं पाहिलं आणि अगदी थंडपणे म्हणाली, "अवो, उकडीत मीठ आसता."

भावोजींचा चेहरा पाहवेना. ज्या मिठाच्या भीतीने एवढी यातायात, ते मीठ त्यांनी स्वतःच्या हाताने चोळून लावलं होतं. भरीस भर म्हणून सकाळी बॉनेटवर तांबड्या मुंग्यांची जत्रा. पुन्हा हंडे, पुन्हा रिठा. त्या संकष्टीला घरात मोदक झाले नाहीत, आणि गणपती काय म्हणाला असेल ते तोच जाणे. पुढे बिनमिठाची उकड वेगळी निघू लागली. ताईच काढून द्यायची, तोंडाने शिव्या देत.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण ह्या गाडीकडे आरोंद्याला एक म्हातारी डोळे लावून बसली होती. डोळे लावून म्हणायचं तेवढंच. ताईची आई, म्हणजे माझी मावशी. तिचा एक डोळा केव्हाच गेला होता, दुसऱ्याने दिवसागणिक कमी दिसत होतं. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नसे. तिची एकच इच्छा होती, नजर आहे तोवर मसुऱ्याच्या आंगणेवाडीतल्या भराडी देवीचं एकदा जत्रेत दर्शन घ्यायचं. "जावयाची गाडी इली, आता माका काळजी नाय," असं ती गावभर सांगत सुटली होती. आंगणेवाडीच्या जत्रेला पंचांगातली तिथी नसते; देवीचा कौल होतो, मग तारीख ठरते. तारीख उशिरा पडावी म्हणून देवीला साकडं घालणारे भावोजी एकटेच असतील. शेवटी तारीख ठरली. ताई रोज विचारी, "झाला काय?" आणि ते मलमल बोटांवर गुंडाळत म्हणत, "मागच्या दाराकडे जरा खरखरीत लागता."

आणि जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी झालं. मी तिथेच होतो. बॉनेट, टप, चारी दारं, कुठेही मलमल अडली नाही. भावोजींनी हातपाय धुऊन फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं, टर्पेंटाइनचा वास मांगरभर सुटला. एवढ्यात आरोंद्याहून पहिल्या एसटीने आलेला मावशीचा शेजारी अंगणात उभा राहिला. बसलाही नाही. म्हणाला, "म्हातारेन सांगान धाडल्यान. माका आता माणसांची तोंडां दिसनत नाय, नुसते आवाज येतत. न्हेवचा आसात तर आता न्हेवा. मागीर देऊळ दाखवन उपयोग नाय."

मेण लावून सुकायला, घासून चमकवायला दोन दिवस तरी हवेत. आरोंद्याचा रस्ता म्हणजे नुसती धूळ आणि डांबर. आता गाडी काढली की इतक्या महिन्यांची सफाई कुडाळ यायच्या आत मातीत. भावोजींनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. मग झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. "चल गो," ते ताईला म्हणाले. ताईने पूजेचा शब्द काढला नाही. पदर खोचला आणि पूजा न झालेल्या गाडीत जाऊन बसली. मी मागे बसलो, तो डबा मांडीवर घेऊन, कारण तो कुठे ठेवायचा हे मला कोणी सांगितलंच नाही.

आरोंद्याला मावशी पायरीवर बसून होती. गाडीचा आवाज ऐकून उठली, आणि पहिलं काय विचारलं तर, "पूजा केलास?" भावोजी नुसते खाकरले. तिला काय कळायचं ते कळलं. "तर मी करतंय," म्हणाली. तिच्या सुनेने वाटीत हळद कालवून दिली. म्हातारीने अख्खा पंजा हळदीत बुडवला आणि हवेत चाचपडत विचारलं, "खंय लावू, जावयानू? माका दिसना नाय."

ताईने डोळे मिटून घेतले. भावोजी पुढे झाले, सासूचं मनगट धरलं आणि तो हळदीने थबथबलेला पंजा स्वतः बॉनेटवर, अगदी मधोमध, टेकवला. "हय, आई. बरो दाबून लावा."

मावशीने दुसरा, कोरडा हात धुळीवरून फिरवला. "किती गुळगुळीत रे! न्हानग्या पोराची पाठ कशी!" मालवणापासून साठलेल्या मातीच्या थरावरून ती बोलत होती. पण भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर कोणी त्यांच्या गाडीवरून हात फिरवून असं म्हटलं नव्हतं. आम्ही सगळे नुसते हसतच आलो होतो.

दुसऱ्या दिवशी जत्रेत गर्दी होती. भावोजींनी तिला खांद्याचा आधार देऊन आत नेलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, देवी दिसली का. मावशी म्हणाली, "समयेची ज्योत दिसली, आणि तिच्या मागे काय तरी पिवळा लखलखीत. तीच मा?" मी म्हटलं, तीच. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तोवर समईही तिला दिसेनाशी झाली होती.

जत्रेहून परतल्यावर भावोजींनी पुन्हा सगळी सफाई केली, हंडे, रिठा, बिनमिठाची उकड, आणि एकदाचं मेण लावलं. त्या पंजाला तेवढं सोडून. पाच बोटांच्या कडेकडेने ते मेण फिरवत होते आणि ताई शेजारी उभी राहून बघत होती. हळदीचा पिवळा रंग उन्हाने पहिल्याच वर्षी उडाला. पण तिथे मेण नव्हतं, म्हणून खाऱ्या वाऱ्याने तेवढीच जागा निस्तेज केली. बाकी गाडी वर्षानुवर्षं आरशासारखी, आणि मधोमध एका म्हातारीचा हात.

शेवटी शेवटी गाडी चालत नसे, भावोजींनाही चालवत नसे. तरी रोज सकाळी ते मलमल गुंडाळून, डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवायचे. बॉनेटच्या मध्यावर आले की थांबायचे. "हय जरा खरखरीत लागता," असं म्हणायचे, बोटांवरची मलमल काढून खिशात ठेवायचे, आणि उघडा हात तिथे ठेवून थोडा वेळ उभे राहायचे.