टाकीची पूजा

जाम चौकाच्या अलीकडे भंगाराचं एक गोदाम आहे. तिथं पत्र्यावरचं जस्त काढतात. पत्रे अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवले की जस्त फसफसून निघतं, उरलेलं काळं लोखंड भट्टीला जातं. ही टाकी डोमाजींच्या ताब्यात. फसफस म्हणजे गॅस आणि गॅसजवळ ठिणगी नको, हे मालकानं त्यांना एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून डोमाजी फाटकावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याचे खिसे चाचपत. एका ट्रकवाल्याच्या कानामागची विझलेली बिडीसुद्धा त्यांनी सोडली नव्हती. लोक त्यांना फौजदार म्हणत, आणि ते त्यांना आवडायचं.

दसऱ्याला काम बंद होतं. त्यांचा जोडीदार धम्मदीप नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेला. आदल्या संध्याकाळच्या घाईत पत्रे टाकीतच राहिले होते. एरवी टाकी उघडी असते. पण पूजेला उघडी टाकी बरी दिसत नाही, म्हणून डोमाजींनी सकाळीच तिच्यावर फळ्यांचं झाकण ठेवलं, लाल कापड अंथरलं, झेंडूचा हार घातला. दुपारी बायको शोभाबाई नवी साडी नेसून, ताट घेऊन आली. डोमाजींनी खिशातून माचिस काढली आणि कापूर पेटवला. त्यांच्या लेखी ती आग नव्हतीच, ती आरती होती.

झाकणाखाली साचलेला गॅस भडकला आणि झाकण वर छताच्या टिनाला जाऊन आदळलं. डोमाजींना काय झालं तेच कळेना. ताट कुठल्या कुठे उडालं होतं, कान बधिर झाले होते आणि शोभाबाई तोंड झाकून खाली बसली होती. साडीवर अ‍ॅसिडचे शिंतोडे. डोमाजींनी पाण्याचा पाइप ओढून तिच्या तोंडावर धरला, तो काढायचं त्यांना भानच राहिलं नाही.

"डोळे उघड, शोभा. दिसून राह्यलं का तुले?"

तिचे डोळे मिटलेलेच. त्यांना वाटलं, संपलं सगळं. मग तिनं एक डोळा उघडला, नंतर दुसरा.

"दिसून राह्यलं," ती म्हणाली. त्यांच्या भुवया जळाल्या होत्या, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती त्यांच्या हातात अजून असलेल्या माचिसकडे बघत होती. "साऱ्यायचे खिसे पाह्यता तुमी. तुमचा कोन पाह्यते?"

"पन कापूर होता ना तो," डोमाजी पुटपुटले. आपल्याच हातानं हे झालं, हे त्यांना खरंच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धम्मदीप आला, तर फौजदार फाटकाबाहेर उभे, दोन्ही खिसे उलटे काढून.

"पाह्य नीट," ते म्हणाले. "मंगच मले आत घेजो."