बोर्ड आणि झाकण यांच्यातली फट

धाकट्या साडूबद्दल थोरल्याला खरं तर फारसं ठाऊक नव्हतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघं एकाच कारखान्यात. थोरला डिझाइनला, धाकटा कंपन-चाचणीच्या हॉलमध्ये. पण घरी गाठ पडली की धाकटा खुर्चीच्या कडेवर बसून बहिणींच्या गप्पांना नुसती मान डोलवायचा. कारखान्यात त्याला मेण्या म्हणत. वाटाण्याएवढे सेन्सर तो मेणाने चिकटवायचा, त्यामुळे अंगठा कायम तुकतुकीत.

थोरल्याने रुग्णवाहिकेतल्या एका यंत्राची पेटी आखली होती. निवृत्तीआधीचं शेवटचं काम. ती पास करूनच बाहेर पडायचं असं त्याने मनाशी धरलं होतं. आत सर्किटचा बोर्ड, वर झाकण, मध्ये तीन मिलिमीटरची फट. मेण्याने एक सेन्सर बोर्डावर, एक झाकणावर लावला आणि पेटी ठेवलेलं टेबल थरथरवलं. सेन्सर मोजतात तो प्रवेग. त्यावरून कोण किती हललं ते कॉम्प्युटर काढतो.

"दोन्ही दोन-दोन मिलिमीटर हलतायत," थोरला पडद्याकडे बघत म्हणाला. "फरक शून्य. झालं की मग."

"अशी वजाबाकी नाही चालत, साडूभाऊ. बोर्ड वर जातो तेव्हा झाकण खाली येतंय. क्षणाक्षणाची वजाबाकी केली तर चार होतात."

चार म्हणजे बोर्ड झाकणावर आपटणार. थोरल्याचं तोंड उतरलं.

"एखादा सेन्सर उलटा चिकटवला असशील. मग वरचं खाली दिसणारच."

"असेलही."

मेण्याने टेबल अगदी संथ हलवलं. तेवढ्याने पेटी एकसंध हलते, त्यामुळे सेन्सर उलटा असेल तर लगेच कळतं. पडद्यावरच्या दोन्ही रेषा एकदमच वर गेल्या, एकदमच खाली आल्या. सेन्सर सुलटेच होते.

"घरचा माणूस म्हणून तरी..." थोरला पुटपुटला.

"घरचा म्हणूनच तर दोनदा बघितलं."

पेटी नापास झाली. थोरला निवृत्त झाला, काम दुसऱ्याकडे गेलं. पुढे वर्षभर तो साडूच्या दारात गेला नाही. बहिणी भेटायच्या, नवऱ्यांचा विषय तेवढा टाळायच्या.

मग एका दुपारी मेण्या आपणहून आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो झोपेतच गेला, त्यामुळे दोघांचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

"तुमच्या पेटीत बोर्डाच्या मधोमध टेकू दिलाय. मीच मोजलं परत. पास झाली."

"बाकी काय बदललं?"

"काही नाही. बाकी सगळं तुमचंच आहे."

"बरं. नीट टेकून बस. चहा टाकायला सांगतो."

"साखर बेताची सांगा."